मिररलेस कॅमेऱ्यासाठी फ्लॅश आणि जोडसाहित्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्नांपैकी बहुतेक फ्लॅशविषयी आहेत, कारण खरेदीतल्या चुका सर्वांत जास्त तिथेच होतात. बॅटरी, कार्ड, फिल्टर, ट्रायपॉड यांच्याबाबत शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे.

कॅमेरा अंधारातही स्वच्छ छायाचित्र देत असेल, तर फ्लॅश घ्यावाच का?

आजचे सेन्सर आयएसओ ६४०० लाही वापरण्याजोगे चित्र देतात, त्यामुळे केवळ प्रकाश कमी पडतो म्हणून फ्लॅश घेण्याची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही. परंतु आयएसओ वाढवल्याने आहे तोच प्रकाश अधिक उजळ नोंदला जातो. तो ज्या दिशेने येतो ती दिशा बदलत नाही. डोक्यावरच्या दिव्याखाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठलेला असेल, तर आयएसओ १२,८०० केल्यावरही तो तिथेच राहतो. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या व्यक्तीचा चेहरा आणि खिडकीबाहेरचे आकाश ही दोन्ही एकाच चित्रात नीट यायची असतील, तर चेहऱ्यावर वेगळा प्रकाश टाकण्यावाचून फारसा उपाय नसतो. फ्लॅश घ्यायचा तो अशा कामासाठी. निसर्गदृश्ये किंवा व्हिडिओ हेच ज्यांचे मुख्य काम आहे, त्यांनी तो पैसा ट्रायपॉडवर किंवा लेन्सवर खर्च करावा. व्हिडिओसाठी फ्लॅश निरुपयोगीच आहे. त्याला सतत जळणारा एलईडी दिवा लागतो.

कोणताही फ्लॅश कोणत्याही कॅमेऱ्यावर चालतो का?

बसतो, पण पूर्ण चालेलच असे नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या हॉट शूमध्ये मधोमध एक मोठा संपर्कबिंदू असतो आणि कडेच्या धातूच्या पट्ट्या त्याचे सर्किट पूर्ण करतात. ‘आता पेट’ एवढा निरोप देण्यासाठी हे दोन पुरेसे असतात आणि ही रचना बहुतेक कंपन्यांत सारखी आहे. प्रकाश किती द्यायचा, लेन्स किती मिलिमीटरवर आहे, हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवण्याची सोय) लावायचे का, हे सगळे बोलणे उरलेल्या छोट्या बिंदूंमधून होते आणि प्रत्येक कंपनीची ती भाषा वेगळी असते. म्हणून एका कंपनीचा फ्लॅश दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर फार तर मॅन्युअल पद्धतीने, म्हणजे ताकद हाताने ठरवून, पेटतो.

एकाच कंपनीतही शू बदललेले आहेत. सोनीने २०१२ मध्ये मिनोल्टाच्या काळापासूनचा जुना शू सोडून मल्टी इंटरफेस शू आणला. जुने फ्लॅश त्यावर अडॅप्टर लावूनच बसतात. कॅननने २०२१ मध्ये ईओएस आर३ सोबत २१ बिंदूंचा मल्टी-फंक्शन शू आणला, आणि केवळ त्या नव्या बिंदूंवर चालणारा ईएल-५ हा फ्लॅश जुन्या शूच्या बॉडीवर उपयोगी पडत नाही. गोडॉक्ससारख्या इतर उत्पादकांच्या फ्लॅशमध्ये नावाच्या शेवटचे अक्षर शूची जात सांगते: सी म्हणजे कॅनन, एन म्हणजे निकॉन, एस म्हणजे सोनी, एफ म्हणजे फुजीफिल्म, ओ म्हणजे ऑलिंपस व पॅनासॉनिक. घाईत चुकीच्या अक्षराचा फ्लॅश मागवणाऱ्यांची संख्या कमी नाही.

आणखी एक गोष्ट मात्र डोळ्यांनी तपासून घ्यावी. काही प्राथमिक श्रेणीच्या बॉडींवर तो मधला मोठा संपर्कबिंदूच वगळलेला असतो. अशा बॉडीवर साधे रेडिओ ट्रिगर (दूरचा फ्लॅश बिनतारी पेटवणारे यंत्र) आणि फक्त मधल्या बिंदूवर चालणारे मॅन्युअल फ्लॅश पेटतच नाहीत. फ्लॅश घेण्यापूर्वी कॅमेरा उजेडात तिरका धरून शूच्या आत नीट पाहावे. दहा सेकंदांचे काम आहे.

घरात फिल्म कॅमेऱ्याच्या काळातला जुना फ्लॅश आहे. तो लावावा का?

सरळ शूवर लावू नये. जुन्या काही फ्लॅशच्या मधल्या बिंदूवर पेटण्याच्या क्षणी शेकडो व्होल्टचा दाब येतो आणि आजच्या कॅमेऱ्यातील नाजूक सर्किट त्याने निकामी होऊ शकते. फ्लॅश पूर्ण चार्ज करून मधला बिंदू आणि कडेचा धातू यांमधला दाब मल्टिमीटरने मोजता येतो आणि तो कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतील मर्यादेशी पडताळता येतो. मोजण्याची सोय नसेल, तर तो फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून ऑप्टिकल स्लेव्हने (दुसऱ्या फ्लॅशची चमक ओळखून फ्लॅश पेटवणाऱ्या साधनाने) पेटवावा. तिथे विजेची जोडणीच येत नाही.

गाइड नंबर म्हणजे नेमके काय, आणि किती असावा?

गाइड नंबर म्हणजे आयएसओ १०० ला, पूर्ण ताकदीवर, मीटरमधील अंतर आणि अॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा एफ-आकडा) यांचा गुणाकार. ४० गाइड नंबरचा फ्लॅश ५ मीटरवरच्या माणसाला एफ/८ ला पुरतो, १० मीटरवरच्याला एफ/४ ला. आयएसओ चौपट केल्यास हा आकडा दुप्पट धरावा.

जाहिरातीतला आकडा मात्र सर्वांत अनुकूल स्थितीतला असतो. ज्या फ्लॅशवर ६० लिहिलेले असते, तो आकडा बहुधा डोके २०० मिलिमीटरला झूम करून, सगळा प्रकाश एका अरुंद झोतात गोळा करून मिळवलेला असतो; त्याच फ्लॅशचा ३५ मिलिमीटरचा आकडा ३६ च्या आसपास येऊ शकतो. दोन फ्लॅशची तुलना करायची तर दोन्हींचा ३५ मिलिमीटरचा आकडा माहितीपुस्तिकेतल्या कोष्टकातून काढावा आणि तोच ताडून पाहावा.

आता प्रत्यक्ष खोलीत हा आकडा कसा खर्च होतो ते पाहू. छत ३ मीटर उंच आहे, फ्लॅश आणि समोरच्या माणसाचा चेहरा दोन्ही दीड मीटरवर आहेत, आणि दोघांमध्ये ३ मीटर अंतर आहे. सरळ मारा केला तर ३६ भागिले ३, म्हणजे एफ/१२. फ्लॅश छताकडे वळवला की प्रकाश वर जाऊन खाली येतो आणि त्याचा प्रवास सुमारे ४.२४ मीटरचा होतो, म्हणजे बरोबर एक स्टॉप गेला (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). छत काही प्रकाश शोषते आणि उरलेला चहूकडे उधळते, त्यात आणखी दोनेक स्टॉप धरावेत. राहिले एफ/४ च्या जवळपास. आयएसओ ४०० केले की एफ/८. हे आरामात पुरते, एवढेच नव्हे तर एफ/४ वर काम केल्यास फ्लॅश पाव ताकदीवर चालतो आणि पुढच्या छायाचित्रासाठी पटकन तयार होतो. हाच हिशेब २० गाइड नंबरच्या चिमुकल्या फ्लॅशला लावला, तर त्याच एफ/४ साठी तो दर वेळी जवळजवळ पूर्ण ताकदीने पेटेल आणि प्रत्येक वेळी काही सेकंद थांबायला लावेल. माझ्या मते बाउन्स करणाऱ्याने, म्हणजे प्रकाश छतावरून किंवा भिंतीवरून परतवणाऱ्याने, ३५ मिलिमीटरला ३० च्या खाली जाऊ नये. डोके वर आणि मागे-बाजूला दोन्हीकडे वळणारे असावे, ही अट तर आकड्याच्याही आधीची.

टीटीएल घ्यावा की स्वस्तातला मॅन्युअल?

टीटीएलमध्ये (थ्रू द लेन्स) कॅमेरा आधी एक बारीक चमक सोडतो, लेन्समधून परत आलेला प्रकाश मोजतो आणि त्यावरून खऱ्या चमकेची मात्रा ठरवतो. लेन्समधून फ्लॅश मोजण्याची कल्पना जुनी आहे. ऑलिंपसने १९७५ च्या ओएम-२ मध्ये ती फिल्मवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजून अमलात आणली होती. आजच्या पद्धतीत पूर्वचमक वेगळी असल्यामुळे काही माणसे नेमकी त्या चमकेने पापण्या मिटतात आणि खऱ्या चमकेच्या वेळी अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी सापडतात.

समारंभात अंतर सतत बदलत असते, तिथे टीटीएलला पर्याय नाही. टेबलावरच्या वस्तू किंवा एका जागी बसवलेली व्यक्ती टिपायची असेल, तर मॅन्युअल जास्त भरवशाचे: एकदा १/१६ ताकद जुळली की शंभर छायाचित्रे एकसारखी येतात, तर टीटीएल पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाला काळवंडून आणि काळ्या कपड्यांतल्याला फिके करून ठेवते. एकच फ्लॅश घेणार असाल तर दोन्ही सोयींचा घ्यावा. दुसरा, तिसरा फ्लॅश मॅन्युअल असला तरी काही बिघडत नाही.

फ्लॅश लावल्यावर शटर स्पीड १/२०० किंवा १/२५० च्या पुढे का जात नाही?

यांत्रिक शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा बंद करतो. ठरावीक वेगापर्यंतच असा एक क्षण येतो की दोन्ही पडदे बाजूला आहेत आणि सगळा सेन्सर उघडा आहे. फ्लॅशची क्षणिक चमक त्याच वेळी पडावी लागते. हाच सिंक स्पीड. त्याहून वेग वाढवला की दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठ निघतो, सेन्सरवरून केवळ एक फट सरकत जाते आणि चित्रात काळा पट्टा उमटतो.

हाय-स्पीड सिंकमध्ये ती फट वरून खाली जाईपर्यंत फ्लॅश अतिशय भरभर लुकलुकत राहतो, जणू तो सतत जळणारा दिवाच आहे. ऑलिंपसने १९८६ मध्ये ही सोय प्रथम बाजारात आणली. याची गरज भासते ती भर उन्हात. आयएसओ १०० ला १/२०० वर उन्हातले योग्य अॅपर्चर एफ/११ च्या आसपास येते. पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी एफ/२.८ हवे असेल, तर शटर १/३२०० वर न्यावे लागते. तिथे साधा सिंक संपलेला असतो. हाय-स्पीड सिंकची किंमत ताकदीत मोजावी लागते: दोन स्टॉप किंवा त्याहूनही जास्त प्रकाश हातचा जातो, फ्लॅश तापतो आणि सेल झपाट्याने उतरतात. दुसरा मार्ग म्हणजे चार स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी करडी काच) लावून १/२०० वरच राहणे. पण फिल्टर फ्लॅशचा प्रकाशही तेवढाच अडवतो, त्यामुळे फ्लॅश जवळ आणावा लागतो.

मिररलेसमध्ये आणखी एक मेख आहे, ती म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. आवाज नको म्हणून सायलेंट मोड लावला की बहुतेक बॉडी फ्लॅश पेटूच देत नाहीत, कारण सेन्सर ओळीओळीने वाचायला त्यांना फार वेळ लागतो. ‘फ्लॅश बिघडला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींमध्ये हे कारण वारंवार आढळते. अतिवेगाने वाचणाऱ्या सेन्सरचे कॅमेरे याला अपवाद आहेत. निकॉनच्या झेड९ मध्ये यांत्रिक शटरच नाही, तरी तो फ्लॅशसह व्यवस्थित चालतो. २०२३ च्या अखेरीस जाहीर झालेल्या सोनी ए९ तीनमध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, त्यामुळे तिथे १/८०,००० सेकंदापर्यंत सिंक मिळतो.

फ्लॅश लावून मॅन्युअल मोडवर गेल्यावर व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट का होतो?

कारण कॅमेरा प्रामाणिक आहे. १/२००, एफ/८, आयएसओ १०० असे ठरवल्यावर खोलीतला उजेड जेवढा नोंदला जाईल तेवढाच तो दाखवतो. फ्लॅश पेटणार आहे हे तो चित्रात मिळवत नाही. एक्सपोजरचे पूर्वदर्शन बंद करण्याची सोय मेनूमध्ये असते. सोनीत ती लाइव्ह व्ह्यूच्या सेटिंग इफेक्टखाली, कॅननमध्ये एक्सपोजर सिम्युलेशनच्या नावाने सापडते. कंपनीचा स्वतःचा फ्लॅश चालू केला की काही बॉडी हे आपोआप करतात, साध्या ट्रिगरला मात्र ओळखत नाहीत. ही सोय एखाद्या बटणावर नेमून ठेवावी, म्हणजे फ्लॅश काढल्यावर पूर्वदर्शन पुन्हा चालू करण्याचे विसरत नाही.

फ्लॅशमधला लाल फोकस-दिवा माझ्या कॅमेऱ्यावर का लागत नाही?

त्या दिव्याची लाल जाळी डीएसएलआरमधल्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांतल्या) स्वतंत्र फोकस-यंत्रणेसाठी बनवलेली होती, जिला इन्फ्रारेडच्या जवळचा प्रकाश दिसत असे. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होतो आणि त्याच्यासमोर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. अंधारात काम करायचे असेल, तर पांढऱ्या एलईडीचा साहाय्यक दिवा असलेला आणि आपल्या बॉडीने तो वापरता येणारा फ्लॅश घ्यावा, अन्यथा मोठ्या अॅपर्चरची लेन्स लावावी.

फ्लॅशवर लावायचे प्लास्टिकचे टोपण खरोखर प्रकाश मऊ करते का?

मोकळ्या मैदानावर नाही. सावलीची कड किती मऊ होईल हे प्रकाशाचा उगम वस्तूच्या जागेवरून किती मोठा दिसतो यावर ठरते, आणि टोपण फ्लॅशच्या डोक्याहून फारसे मोठे नसते. खोलीत त्याचा परिणाम दिसतो, पण तो भिंती आणि छत यांच्यामुळे: टोपण प्रकाश चौफेर उधळते आणि तो परतून येतो. तेच काम डोके छताकडे वळवून फुकट होते. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशपुढे लावायचा पांढऱ्या कापडाचा डबा) चेहऱ्यापासून एक मीटरवर मऊ सावली देतो. तोच तीन मीटरवर नेला की सावली पुन्हा धारदार होऊ लागते. पहिले प्रकाशसाधन म्हणून मी सुमारे ९० सेंटिमीटरची पांढरी छत्री, एक हलका स्टँड आणि फ्लॅश धरणारा ब्रॅकेट सुचवेन. स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी अडकवावी, कारण छत्री म्हणजे शेवटी शीडच आहे.

बाउन्स करताना भिंतीचा रंग पाहावा. फिकट हिरवी भिंत बघायला प्रसन्न वाटली म्हणून तिच्यावरून प्रकाश परतवून एका कार्यक्रमातले सगळे चेहरे आजारी असल्यासारखे करून आणण्याचा पराक्रम माझ्या नावावर आहे. काळ्या किंवा लाकडी छताखाली बाउन्सचा विचारच सोडून द्यावा.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून पेटवायला काय लागेल?

रेडिओ ट्रिगर. २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रणाली आता सामान्य आहेत आणि अनेक फ्लॅशमध्ये रिसिव्हर आतच बसवलेला असतो. कॅमेऱ्यावरचा ट्रिगर आपल्या कंपनीच्या शूचा हवा. पलीकडचा फ्लॅश मात्र त्याच प्रणालीचा असला की पुष्कळदा दुसऱ्या शूचाही चालतो, त्यामुळे कॅमेरा बदलला तरी सगळे फ्लॅश विकावे लागत नाहीत. म्हणूनच पहिला फ्लॅश घेताना आपण एक प्रणाली निवडत असतो, हे ध्यानात ठेवावे. ऑप्टिकल स्लेव्ह खोलीत बरा चालतो. उन्हात तो चमक ओळखत नाही, आणि साधा स्लेव्ह टीटीएलच्या पूर्वचमकेलाच फसून आधीच पेटून मोकळा होतो.

सेल कोणते वापरावेत?

डबल-ए सेलवर चालणाऱ्या फ्लॅशसाठी रिचार्ज होणारे, चार्ज धरून ठेवणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल घ्यावेत. अल्कलाइन सेलवर दीड व्होल्ट लिहिलेले असते आणि यांच्यावर १.२, तरी फ्लॅश यांच्यावरच लवकर तयार होतो, कारण त्यांचा अंतर्गत रोध कमी असतो आणि ते एकदम मोठा प्रवाह देऊ शकतात. चार सेलचे संच करून त्यांवर पेनने अ, ब, क लिहावे आणि संच कधीही मिसळू नयेत. एक थकलेला सेल उरलेल्या तिघांनाही ओढतो. लिथियम-आयन पॅकचा फ्लॅश यापेक्षा सरस आहे: पूर्ण ताकदीनंतर दीड-दोन सेकंदांत तो सज्ज होतो. मात्र तो पॅक संपला की कोणत्याही दुकानातले सेल घालून वेळ मारून नेता येत नाही, म्हणून दुसरा पॅक सोबत असावाच. विमानात सुटे लिथियम पॅक हातातल्या सामानातच न्यावे लागतात.

लहान बॉडीवर मोठा फ्लॅश चालेल का?

चालेल, पण सेलसह अर्धा किलोचा फ्लॅश तेवढ्याच वजनाच्या बॉडीवर चढवला की कॅमेरा मनगटात सतत कलंडतो. धक्का लागला तर आधी फ्लॅशचा पाय मोडतो, आणि ते एका परीने बरेच, कारण कॅमेऱ्याचा शू उखडण्यापेक्षा पाय बदलणे सोपे असते. उलट अगदी छोटा फ्लॅश लेन्सच्या इतका जवळ असतो की लांब लेन्स किंवा हुड (लेन्सच्या तोंडावरची आडोशाची कडी) लावल्यावर चित्राच्या तळाशी अर्धचंद्राकृती सावली पडते. हुड काढून पाहावा.

फ्लॅशखेरीज आधी काय घ्यावे?

जादा बॅटरी, सर्वांत आधी. मिररलेसमध्ये स्क्रीन किंवा व्ह्यूफाइंडर सतत चालू असल्याने बॅटरी डीएसएलआरपेक्षा लवकर संपते. बॉडी यूएसबी-सीवरून चार्ज होत असेल तर पॉवर बँकही कामी येते.

कार्डाच्या बाबतीत मोठ्या अक्षरांतला वाचण्याचा वेग पाहू नये, लिहिण्याचा पाहावा. व्ही३०, व्ही६०, व्ही९० या खुणा सेकंदाला किमान ३०, ६०, ९० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी देतात. साध्या ४-के व्हिडिओला बहुतेकदा व्ही३० पुरते.

फिल्टरमध्ये पोलरायझर (चकाकी कमी करणारा) आणि एनडी घ्यावेत, कारण त्यांचा परिणाम संगणकावर नंतर पूर्णपणे आणता येत नाही. यूव्ही फिल्टर ही निव्वळ काच आहे. समुद्राकाठी किंवा धुळीत तो लावावा, एरवी हुडच लेन्सचे जास्त रक्षण करतो.

जुन्या डीएसएलआरच्या लेन्स अडॅप्टर लावून चालतील का?

चालतील. माउंटपासून (बॉडीवर लेन्स जिथे बसते त्या कडीपासून) सेन्सरपर्यंतचे अंतर निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिलिमीटर होते, झेडमध्ये ते १६ आहे. कॅननच्या ईएफमध्ये ४४ होते, आरएफमध्ये २० आहे. उरलेली जागा पोकळ नळीने भरून निघते, मधे काच लागत नाही. निकॉनच्या ज्या जुन्या ऑटोफोकस लेन्सना बॉडीतल्या मोटारीची गरज असते, त्यांवर कंपनीचा एफटीझेड अडॅप्टर लावूनही हाताने फोकस करावा लागतो.

सेन्सरवर धूळ बसते, ती कशी काढावी?

लेन्स काढताच सेन्सर समोर उघडा दिसतो, म्हणून बॉडी बंद करून, तोंड खाली करून लेन्स बदलावी. रबरी ब्लोअरने हवा मारावी. दाबाच्या डब्यातली हवा किंवा तोंडाची फुंकर नको. काही बॉडी बंद केल्यावर शटरचा पडदा लावून घेतात. तो पडदा अत्यंत पातळ असतो आणि त्याच्यावर ब्लोअर चालवणे धुळीपेक्षा महागात पडते, त्यामुळे सफाईच्या मोडमध्ये पडदा उघडूनच हवा मारावी.

फ्लॅश बरेच महिने वापरायचा नसेल तर?

सेल बाहेर काढून ठेवावेत. आत राहिलेला अल्कलाइन सेल पाझरला की स्प्रिंगवर पांढरट-निळसर खर धरते. थोडी असेल तर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने ती निघते, नंतर जागा पूर्ण कोरडी करावी. आतल्या कपॅसिटरलाही दीर्घ विश्रांती मानवत नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा फ्लॅश चालू करून काही मिनिटे तसाच ठेवावा आणि मग पूर्ण ताकदीवर चार-पाच वेळा, मधे अर्धा मिनिट थांबत, पेटवावा. शूचे बिंदू काळवंडले असतील तर ते पेन्सिलच्या खोडरबराने हलके पुसावेत आणि रबराचा भुगा झटकून टाकावा.